आत्ता त्रास होतोय का? हो / नाही

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातल्या त्या फॉर्मला ३१ रकाने आहेत. मला ते पाठ झालेत, कारण वर्षभरात मी तो फॉर्म तीनदा भरला. तेविसावा रकाना असा: ‘आत्ता त्रास होतोय का? हो / नाही.’ पहिल्या दोन्ही खेपांना पहिल्या रकान्यात नाव लिहिताना या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं आणि तेविसाव्यापर्यंत पोचेस्तोवर ‘नाही’ झालं होतं. माझा सगळा राग त्याआधीच्या बावीस रकान्यांवर आहे.

आधी त्रास काय होता ते सांगते. काही विशेष करत नसताना, एकदा तर बुटाची नाडी बांधायला वाकले असताना, छातीत एक ठोका अडखळायचा आणि पुढच्याच क्षणी हृदय सुसाट सुटायचं. हळूहळू वाढत जाणं वगैरे काही नाही, बटण दाबल्यावर दिवा लागतो तसं. मानेत धपधप, डोळ्यांपुढे किंचित अंधारी, घशाशी काहीतरी आल्यासारखं. कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. मग तितक्याच अचानक सगळं शांत. शांत झाल्यावर तासाभरात तीन-चारदा लघवीला जावं लागायचं. त्याचा हृदयाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही, त्यामुळे ते मी कुणाला सांगितलंच नाही. चूक झाली.

पहिल्यांदा तातडीच्या विभागात गेले ती स्वतःच्या पायांनी चालत. इथेच घोटाळा झाला. चालत आलेली, नीट बोलणारी, घाम नाही, धाप नाही अशी बाई बघून काउंटरवरच्या गृहस्थांनी पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म आणि दोरीने बांधलेलं पेन पुढे सरकवलं. मी म्हटलं, “खूप धडधडतंय.” ते म्हणाले, “हो ताई, बसा, भरून द्या. नोंद झाल्याशिवाय कॉम्प्युटरमध्ये नाव येत नाही, नाव आल्याशिवाय ईसीजी निघत नाही.” नाव, पत्ता, जन्मतारीख, पूर्वीचे आजार, पूर्वीची ऑपरेशनं, वडिलांना हृदयविकार होता का, आईला होता का. हात थरथरत असल्यामुळे जन्मतारीख दोनदा खोडली. आणि तेविसाव्या रकान्याच्या जरा आधी छातीत एक मोठा ठोका पडला आणि सगळं थांबलं. बाहेर धो धो पाऊस पडत असावा आणि छत्री उघडताच तो थांबावा, तसं वाटलं. दिलासा वाटायला हवा होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन हातात धरून बसले. ‘हो’ लिहू की ‘नाही’?

‘नाही’ लिहिलं. ईसीजी निघाला, अर्थातच सुरेख. तरुण डॉक्टरांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, “झोप नीट होते का? घरी, कामावर काही ताण?”

या ‘ताण’ शब्दाने मला जितका ताण दिला तितका त्या धडधडीने दिला नसेल.

आता कळतं की त्यांचंही फारसं चुकलं नव्हतं. साधा ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा हिशेब. हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे लाखावर जातात, त्यातले बारा त्या कागदावर उमटतात. हे बारा ठोके नीट पडले याचा अर्थ एवढाच की हे बारा नीट पडले. ज्याची लय अधूनमधून बिघडते त्याच्या बाबतीत, बिघाड चालू असताना काढलेला कागद हाच खरा पुरावा. तुम्ही कितीही रसभरीत वर्णन करा, कागद नसेल तर तुमच्या फाइलवर ‘ताण’ असं लिहिलं जाण्याची शक्यता बरीच मोठी. माझ्या फाइलवर दोनदा लिहिलं गेलं.

दुसऱ्या खेपेची हकीकत सांगण्यासारखी नाही, कारण ती पहिलीचीच नक्कल होती. फरक इतकाच की यावेळी मी काउंटरवर भांडले. “फॉर्म नंतर भरते, आधी ईसीजी काढा,” असं म्हणाले, आवाज चढला, मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली, आणि त्या वादावादीत चार मिनिटं गेली. मग हरून फॉर्म घेतला. यावेळी एकोणिसाव्या रकान्यालाच थांबलं. ‘औषधांची अ‍ॅलर्जी.’ वर माझ्या फाइलीत ‘रुग्ण अस्वस्थ, चिडचिडी’ अशी भर पडली असणार.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की छातीत दुखणारा माणूस दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा ईसीजी व्हावा, असा हृदयविकाराच्या उपचारातला जगभर मानलेला दंडक आहे. मी दोन्ही वेळा ‘धडधडतंय’ म्हणाले होते. छाती आवळल्यासारखी वाटत होती हे खरं होतं, पण ते मला किरकोळ वाटलं म्हणून सांगितलं नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण छातीत दडपण असेल, चक्कर येत असेल, तर ते पहिल्या वाक्यात सांगा, पाचव्या नाही.

मधे रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. सगळं ठीक. मग होल्टर, म्हणजे सलग ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र, लावायचं ठरलं. त्याला पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. चोवीस तास छातीवर तारा आणि कमरेला डबी. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात हे यंत्र पहिल्यांदा वापरून पाहिलं तेव्हा ते ३८ किलोचं होतं, पाठीवर बांधून फिरावं लागे. माझी डबी मुठीत मावेल एवढी, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं. सोबत एक वही देतात, काय केलं आणि कधी काय जाणवलं ते वेळेसकट लिहायचं. मी मुद्दाम जिने चढले, पुन्हा पुन्हा बूट बांधले, खाली वाकले. हृदय शाळेतल्या तपासणीच्या दिवशी वर्ग बसतो तसं बसलं होतं. अहवालात ४३ जादा ठोके, बाकी लय व्यवस्थित. असे सुटे जादा ठोके निरोगी माणसांतही भरपूर सापडतात, त्याने घाबरू नये. डबी परत केली त्याच संध्याकाळी पस्तीस मिनिटं धडधडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होल्टर मागायला गेले तर नवी चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी देणारे डॉक्टर पुढच्या पंधरवड्यात भेटणार.

ज्यांचा त्रास महिन्यातून एखाद्या वेळी येतो त्यांनी चोवीस तासांच्या होल्टरवर फार भिस्त ठेवू नये, हे मला पाच आठवडे घालवल्यावर कळलं. आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस चिकटवून ठेवायचे रेकॉर्डर असतात, आणि फारच क्वचित त्रास होत असेल तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर काही वर्षं नोंद ठेवतो. पहिल्याच भेटीत विचारा. मनगटी घड्याळातूनही हल्ली एका पट्टीचा, तीस सेकंदांचा ईसीजी निघतो, तो डॉक्टरांना दाखवता येतो. दादाचं तसलं घड्याळ माझ्याकडे आलं, पण तोवर माझं काम झालं होतं.

काम झालं ते असं. दुसऱ्या खेपेला मी त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता. घरी त्याच्या प्रती छापल्या, एकतीसच्या एकतीस रकाने भरले, तेविसाव्यात ठळक ‘हो’, आणि एक प्रत पर्समध्ये, एक नवऱ्याच्या खिशात, एक गाडीत ठेवली. मला याचा अजून अभिमान वाटतो. तिसऱ्या खेपेला सुरू झालं तेव्हा आठव्या मिनिटाला आम्ही दारात होतो. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: “धडधड आत्ता चालू आहे, छातीत दडपण आहे, चक्कर येतेय, थांबायच्या आत ईसीजी हवाय.” आणि भरलेला फॉर्म पुढे केला. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनलच लागतो.”

नवरा सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला. ते चालू असताना बाजूने जाणाऱ्या एका सिस्टरनी माझं मनगट धरलं. त्यांनी मोजलंसुद्धा नाही. दोन सेकंद बोटं ठेवली आणि “चला” म्हणाल्या. बस, एवढंच. वर्षभर अडलेलं दार दोन सेकंदांत उघडलं. पडद्याआड नेऊन दहा चकत्या लावल्या, कागद सरसर बाहेर आला. मिनिटाला १८८. अगदी समान अंतरावर, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे ठोके. मला इतका आनंद झाला की सिस्टर जरा चिंतेने माझ्याकडे बघायला लागल्या.

डॉक्टरांनी निदान सांगितलं ते एव्हीएनआरटी. सोपं करून सांगते, मला समजायला वेळ लागला. हृदयाचा ठोका ठरवणारा विजेचा इशारा वरच्या उजव्या कप्प्यात निघतो. खालच्या कप्प्यांकडे जाताना तो मधल्या एका गाठीत, एव्ही नोडमध्ये, क्षणभर थबकतो, म्हणजे वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओतून मोकळे होतात. माझ्यासारख्या काही जणांच्या या गाठीत एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक मंद. जलद वाट एकदा वापरली की पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेते. एखादा अवेळी ठोका आला की त्याला जलद वाट बंद दिसते, तो मंद वाटेने उतरतो, आणि खाली पोचेपर्यंत जलद वाट मोकळी झालेली असते, मग तिने उलटा वर चढतो. पुन्हा खाली, पुन्हा वर. गोल गोल. तो अडखळलेला पहिला ठोका म्हणजे हा अवेळी पाहुणा.

या गरगरण्यात वरचे आणि खालचे कप्पे जवळपास एकाच वेळी आवळले जातात, मधली झडप बंद असते, रक्त मागे मानेच्या शिरांकडे ढकललं जातं. म्हणून मानेत धपधप. वरचे कप्पे ताणले गेल्यावर हृदय एक संप्रेरक सोडतं, ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावतं. म्हणून लघवी! हे दोन तपशील मी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर ‘ताण’ ऐकावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला तसं वाटतं. आणि १८८ च्या वेगात दोन ठोक्यांमध्ये हृदय भरायलाच वेळ उरत नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः त्याच विश्रांतीत मिळतं. त्यामुळे चक्कर आणि दडपण, दोन्ही खरे होते.

थांबवायला आधी जोर लावायला सांगितला: सिरिंजमध्ये पंधरा सेकंद फुंकायचं, मग झटकन आडवं करून पाय वर धरतात. त्याने बऱ्याच जणांचं थांबतं, माझं नाही. मग शिरेतून अ‍ॅडेनोसिन. पाच-सहा सेकंद असं वाटतं की आता संपलं. सिस्टरनी हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं. ते औषध तितक्याच लवकर विरघळूनही जातं. मॉनिटरवर क्षणभर रेष सपाट झाली, मग एक ठोका, मग नेहमीची संथ लय.

त्यानंतर बाहेर येऊन मूळ फॉर्म भरावाच लागला. तेविसाव्या रकान्यात ‘नाही’.

अ‍ॅब्लेशन दोन महिन्यांनी झालं. जांघेतल्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेऊन ती मंद वाट उष्णतेने बंद करतात. या प्रकारात शंभरातल्या पंचाण्णवांचं किंवा अधिकांचं काम होतं. गाठीलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी, तो सही घेण्याआधी नीट समजावतात. मला काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी घरी. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राहिलेलं, आठवेल तसं. डॉक्टरांसमोर धडधडीचा ताल टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. समान ताल आणि वेडावाकडा ताल यांत फार फरक असतो. वेडावाकडा असेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असू शकतं. त्यात वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, तिथे मी केली तशी वर्षभराची वाट पाहू नका. धडधडताना बेशुद्ध पडलात किंवा छातीत जोरात दुखलं तर स्वतः गाडी चालवत जायचं नाही, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची. मानेची शीर दाबून थांबवायचा उपाय कुणी सांगितला तर घरी करू नका. दमा असेल तर अ‍ॅडेनोसिन देण्याआधी आपण होऊन सांगा, फॉर्ममध्ये लिहिलंय म्हणून गप्प राहू नका.

आणि तो १८८ चा कागद हातात पडला की त्याच दिवशी त्याचा फोटो काढा, झेरॉक्स काढा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, तो फिका पडतो. माझा मूळ कागद गाडीच्या खणात राहिला होता, आता त्यावर फक्त लाल चौकटी दिसतात.