भर दुपारी कुलूप नसलेली बाग

आमच्या वसाहतीमागे साधारण एक एकर मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात तिच्यावर उद्यानाचं आरक्षण, पण कित्येक वर्षं तिथे राडारोडा, गाजरगवत आणि लग्नसराईत मांडववाल्याचे बांबू एवढंच असायचं. मग एके दिवशी तिथे फलक लागला. मधोमध कारंजं, भोवती हिरवंगार लॉन, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, चार कोपऱ्यांत हायमास्टचे उंच दिवे. सगळ्यांबरोबर मीही खूश झाले.

अंदाजपत्रक बघावं म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी झेरॉक्स हातात पडली आणि मी ती जेवणाच्या टेबलावर पसरून वाचायला बसले. लॉन बारा गुंठे. झाडं: बॉटल पाम, नग ४०. सावली देईल असं एकही झाड नाही. बारा गुंठे म्हणजे सुमारे बाराशे चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं, म्हणजे सहा हजार लिटर. एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत टँकर येतो, आणि शेजारी दोन दिवसांत दहा हजार लिटरचा अख्खा टँकर गवताने प्यायचा, हे मला पटेना.

पालिकेत लेखी हरकत दिली. तिथल्या तरुण कनिष्ठ अभियंत्याने ती वाचून शांतपणे सांगितलं, "मॅडम, नुसती हरकत फाइलला लागते. पर्याय द्या, त्यावर चर्चा होते." इतका उपयोगी सल्ला मला नंतर कुणीच दिला नाही.

पर्याय द्यायचा तर बागेत कोण येतं, कधी येतं, कुठे बसतं हे माहीत हवं. आम्ही तिघींनी जवळच्याच एका जुन्या बागेत पंधरा दिवस वही घेऊन बसायचं ठरवलं. सकाळी चालणारे आजोबा, संध्याकाळी घसरगुंडीपाशी मुलं, हे अपेक्षितच होतं. दहा ते चार मात्र फाटकाला कुलूप, म्हणून वहीचे ते रकाने कोरेच राहत होते. चौथ्या दिवशी मी पावणेबाराला सहज तिकडून गेले. बाहेरच्या फुटपाथवर, कुंपणावरून झुकलेल्या एका करंजाच्या सावलीत पाच-सहा बायका डबा उघडून बसल्या होत्या. सावली सरकेल तशा त्याही सरकत होत्या. आत बाकं रिकामी.

"मावशी, इथे का बसलात?"

"मग कुठं बसू काकू? एक काम साडेअकराला सुटतं, दुसरं दोनला. मधे घरी जायचं तर जाता-येता रिक्षातच चाळीस रुपये जातात." भाकरीचा तुकडा मोडत ती पुढे म्हणाली, "आणि पाणी मी सकाळपासून पीतच न्हाई. पाणी प्यालं की जावं लागतं. जायचं कुठं?"

घरी येऊन मी वहीचे कोरे रकाने पुन्हा पाहिले. बागेची सगळ्यात जास्त गरज असलेली माणसं आमच्या मोजणीत आलीच नव्हती, कारण त्या वेळी बाग बंद असते. तिथून आमचा आराखडा उलटा झाला. आधी सावली, आधी स्वच्छतागृह, आधी पिण्याचं पाणी. कारंजं रद्द.

झाडांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बहावा आणि पळस मला जीव की प्राण, पण बाकांवर सावली धरायला ते कामाचे नाहीत. फुलतात तेव्हा पानं जवळजवळ नसतात, आणि नेमकं तेव्हाच ऊन भाजत असतं. बाकांवर करंज आणि कडुनिंब. फुलांसाठी कडेने बहावा आणि ताम्हण, जे आपलं राज्यपुष्पही आहे. गुलमोहर नको म्हटलं, त्याची मुळं उथळ, वादळात उन्मळतो. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवायचे नाहीत यासाठी दिल्लीचं उदाहरण जोडलं. तिथे २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. "इथे हे कुठे जगणार?" असं कुणी म्हटलं की मी महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे फोटो दाखवायचे. धारावीलगत मिठी नदीकाठी, एके काळच्या कचराडेपोवर उभं राहिलेलं ते रान आहे. राडारोड्याचं आम्हाला काय कौतुक!

पाण्यात मात्र आम्ही चुकलो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आमच्याकडे सातशे मिलिमीटर धरला तरी एका एकरावर अठ्ठावीस लाख लिटर पडतं. ते जिरवायला सखल कोपऱ्यात खोलगट भाग ठेवला, पण तिथे काळी माती होती. फूटभर खड्डा खणून पाणी भरलं, काठी उभी करून खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण जेमतेम चार बोटं खाली. असं पाणी आठवडाभर साचलं की डास झालेच. शेवटी माळीमामांनी पहार मारून दाखवलं, "मुरूम लागेपर्यंत जावा, मग पाणी पळतंय बघा." पाच फुटांवर मुरूम लागला आणि भरलेला खड्डा संध्याकाळपर्यंत रिता झाला.

खरी लढाई वेळेची होती. दुपारी बाग उघडी ठेवली की टवाळखोर येतील, ही ज्येष्ठांची भीती मला खोटी वाटत नव्हती. त्यांच्यातल्याच एका आजींनी तोड सुचवली: झुडपं कमरेच्या वर वाढू द्यायची नाहीत, बाकं रस्त्यावरून दिसतील अशी ठेवायची, आणि रखवालदार दुपारीच नेमायचा. तिन्ही गोष्टी आराखड्यात गेल्या. एक वर्ष प्रयोग म्हणून मान्यता मिळाली.

निविदा, ठेकेदार, दोनदा थांबलेलं काम, हे सगळीकडे होतं तसंच झालं. सहा गुंठे लॉन शेवटी राहिलंच, ते मला अजून बोचतं. करंज डोक्याएवढे झालेत, त्यांची सावली धरायला अजून चार-पाच वर्षं जातील, तोवर बाकांवर हिरवी जाळी ताणली आहे. बारा वाजता तिथे डबे उघडतात. परवा मावशींनी हाक मारून सांगितलं की पिण्याच्या पाण्याचा नळ फाटकापाशी आहे, तो बाकांजवळ हवा, डबे धुवायला उन्हातून जावं लागतं. सोमवारी अर्ज दिला आहे, आवक क्रमांक त्यांच्याही मोबाइलमध्ये टिपून ठेवलाय.