शिमग्याला गेलेल्यांनीही मेल उघडली म्हणे!

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय रत्नागिरीत, शाखा गुहागरपासून मालवणपर्यंत. संगणक विभाग म्हणजे मी एकटा. मार्चमध्ये साहेबांनी सांगितलं, आपली माणसं फसव्या मेलला किती भुलतात ते बघ. मी गोफिश हे फसव्या मेलची चाचणी घेणारं ओपन सोर्स साधन सर्व्हरवर बसवलं आणि ‘महागाई भत्ता फरक यादी’ नावाची वर्ड फाइल जोडून 62 जणांना मेल धाडली.

चाळीस सेकंदांत 62 पैकी 62 ‘ईमेल ओपन्ड’. साहेबांनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण यादीत गुहागरचा क्लार्क दिसला. तो शिमग्याची पालखी नाचवायला गावी गेलेला, आणि त्याच्या वाडीत सड्यावर चढल्याशिवाय रेंज येत नाही.

सर्व्हरचा लॉग उघडला. सगळ्या नोंदी दोन-तीनच आयपींवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांवरून, आलेल्या, त्यातला एकही आमच्या शाखांचा नाही. मेल इनबॉक्सात पडण्याआधी आमचा मेल फिल्टर ती तपासतो. मेल उघडली की सर्व्हरवरून मागवलं जाणारं, मजकुरातलं न दिसणारं ट्रॅकिंगचं चित्र त्यानेच मागवलं होतं. गोफिशला मात्र चित्र मागवलं गेलं एवढंच कळतं. शिवाय मेलच्या मजकुरातलं चित्र असो की जोडलेल्या फाइलमधलं, दोन्हींची नोंद ‘ईमेल ओपन्ड’ अशीच पडते. म्हणून टेम्प्लेटमधली ‘अ‍ॅड ट्रॅकिंग इमेज’ची खूण काढली, चित्राची लिंक फक्त वर्ड फाइलमध्ये ठेवली आणि पंधरवड्याने पुन्हा मेल पाठवली.

या खेपेस शून्य. माझ्या नावावर तेवढे काही ‘ओपन्ड’ दिसत होते. ते माझ्याच चाचणीचे म्हणून सोडून दिले. साहेब खूश. दुपारी मालवण शाखेतल्या कॅशियर काकींचा फोन आला, “अरे, त्या यादीत माझा नाव खंय आसा?”

म्हणजे फाइल उघडली होती! (पगाराचं आमिष लावू नये हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. पुन्हा लावलं नाही.)

त्याच आठवड्यात मालवणला जायचं होतं. काकींच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, तेव्हा उघडलीत तशीच उघडा. वर पिवळी पट्टी आली, ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’. बाहेरून आलेली फाइल वर्ड अशी कुंपणात उघडतो आणि बाहेरचं चित्र मागवत नाही. काकींना यादी तेवढ्यातच वाचता येत होती, मग ‘एनेबल एडिटिंग’ दाबायचं कारणच काय? मी ते दाबायला लावलं. लॉगमध्ये नोंद पडली, पण माझ्या नावावर.

जरा वेळ दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो.

डॉकएक्स फाइल म्हणजे मुळात झिप. एक्स्टेन्शन बदलून उघडली, वर्ड फोल्डरमधल्या, जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘रेल्स’च्या फाइलमध्ये चित्राची लिंक सापडली. तिच्या शेपटीला आरआयडी, म्हणजे कोणाची मेल ते सांगणारी खूण. ती माझी होती. चाचणीसाठी स्वतःला पाठवलेल्या मेलमधली लिंक उचलून मी फाइलमध्ये चिकटवली होती आणि तीच फाइल 62 जणांना गेली. कोणीही पट्टी ओलांडली की गुन्हा माझ्या खात्यावर! तिथे तयार लिंकऐवजी गोफिशचं ट्रॅकिंग यूआरएलचं चल (व्हेरिएबल) ठेवायला हवं होतं, म्हणजे ते प्रत्येक प्रतीत वेगळा आरआयडी भरतं.

फाइल दुरुस्त केली, फिल्टरचे आयपी मोजणीतून वगळले. तरी साहेबांच्या अहवालात ‘फाइल उघडली’ हा रकाना मी ठेवला नाही. पट्टीच्या आत राहून वाचणारा त्यात दिसतच नाही. त्याऐवजी दोन आकडे दिले: ‘एनेबल एडिटिंग’ दाबणारे किती, आणि संशय येऊन मला फोन करणारे किती.

काकींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ड्रॉवरला कुलूप घातलं आणि म्हणाल्या, “म्हणजे भत्तो काय गावाचो नाय.”