श्रविष्ठा : धनिष्ठेचं जुनं नाव

धनिष्ठा नक्षत्र सगळ्यांना ठाऊक असतं. श्रविष्ठा हे त्याचंच वैदिक नाव, मुलीसाठी आजही दुर्मीळ. ‘श्रवस्’ म्हणजे कीर्ती. त्याला ‘इष्ठ’ लागून अर्थ झाला ‘सर्वांत कीर्तिमान’. घडण श्रेष्ठ, ज्येष्ठसारखीच, म्हणून शेवटी ‘ठा’च हवा. ‘श्रविष्टा’ लिहिलं की व्युत्पत्तीच मोडते. जन्मदाखल्याच्या अर्जावर सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा.

वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचं युग आणि उत्तरायण, सूर्य श्रविष्ठेच्या आरंभी आला की सुरू होतं. म्हणजे हे नाव एकेकाळी कालगणनेच्या दारातच उभं होतं!

नावरस, म्हणजे जन्मनक्षत्राचं अक्षर पाहून नाव ठेवणाऱ्यांची मात्र अडचण होते. या नक्षत्राची अक्षरं गा, गी, गू, गे. ‘श्र’ त्यात नाही. पाळण्यातलं नाव ‘गार्गी’ ठेवून दाखल्यावर श्रविष्ठा लावता येतं.

तारे बघायचे तर सप्टेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास. कोल्हापुरातून ते जवळजवळ डोक्यावर येतात. आधी श्रवणाचा ठळक तारा शोधा, तिथून ईशान्येला हात लांब करून एका मुठीहून थोडं पुढे चार मंद ताऱ्यांचा छोटा शंकरपाळा दिसेल. शहराच्या उजेडात तो हरवतो. ढग नसतील तर पन्हाळ्याजवळचं मसाई पठार बरं.