विद्युन्मालेतलं ऑपरेशन

भाच्याचं अमळनेरला मेडिकल आहे. औषधं काढून द्यायला फार्मासिस्ट मुलगी असते. दुपारी काउंटरवर बसून बोलायचं काम माझ्याकडे. आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे बोलायला कंटाळा नाही.

औषधाचं पूर्ण नाव इथे कुणी घेत नाही. टेल्मिसार्टनची 'टेलमी' होते, हायड्रोक्लोरोथायझाइडचा तर नुसता 'एच' उरतो. खेड्यावरची आजी 'भाऊ, बीपीनी गोयी दे' म्हणून मोकळी. जीभ शब्दाचं डोकं ठेवते नि शेपूट टाकते. कात्रीचं उलटं. रुमालाच्या गाठीतून सुटलेल्या स्ट्रिपच्या तुकड्यावर फक्त '...सार्टन ४०' शिल्लक असतं. ओलॉल, प्रिल, स्टॅटिन, सार्टन ही शेपटं घराणं सांगतात; सार्टन म्हणजे रक्तदाबाचं, एवढं पक्कं. पण टेल्मि की ओल्मे? ४० ची गोळी दोन्हींत येते. मग घरी फोन, नातवाला कपाट धुंडाळायला लावा, 'बेटा, पुढची अक्षरं वाच.'

इंग्रजीतल्या या शब्दांना सांधे तरी किती! अर्थाचा एकीकडे, उच्चाराचा दुसरीकडे. थर्मो आणि मीटर जोडून झालेला शब्द म्हणायचा मात्र थर्-मॉ-मि-टर, जोर 'मॉ'वर. बीपीच्या मशीनचं खरं नाव स्फिग्मोमॅनोमीटर. त्याचीही तीच गत, आणि ते न म्हणणारी जनता शहाणी. आपण जोर कुठे द्यायचा ते बघत नाही, अक्षराचं वजन बघतो. लघु की गुरू.

पित्ताशय काढायच्या ऑपरेशनचंच घ्या. कोले म्हणजे पित्त, सिस्ट पिशवी, एक्टॉमी कापून काढणं. देवनागरीत उतरताना हे तुकडे एकमेकांत घुसतात: को-ले-सि-स्टे-क्टॉ-मी. आता तीन-तीन अक्षरांचे गण पाडा. 'सि' आणि 'स्टे'पुढे जोडाक्षरं, म्हणजे सहाच्या सहा अक्षरं गुरू. तीन गुरूंचा एक म गण, असे दोन म गण! पुढे नुसतं 'झाली' जोडलं की आठ गुरू, विद्युन्माला वृत्ताचा अख्खा चरण:

कोलेसिस्टेक्टॉमी झाली.

चौथ्या अक्षरावरची यती, म्हणजे थांबा, तेवढी शब्दाच्या मध्येच पडते; यतिभंग चालवून घ्यायचा. गल्लीतल्या एका काकांचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावरचा शब्द त्यांना मी चालीवर म्हणायला लावला. टाके दुखत असतानाही छान म्हणाले. विम्याच्या फॉर्मवर मात्र त्यांनी 'पित्ताचं ऑपरेशन' एवढंच लिहिलं.