फ्यून बेटावर, नील्सनच्या क्लॅरिनेटसाठी

कोपनहेगनहून निघालेली गाडी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, मग लांबलचक पुलावरून फ्यून बेटावर येते. ओडेन्सला बहुतेक लोक हान्स अँडरसनच्या परीकथांसाठी जातात. मला ओढ होती डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनच्या क्लॅरिनेट कन्चेर्तोची, म्हणजे एकटी क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेची.

मैफल रात्री होती, म्हणून दुपारी शहराच्या दक्षिणेला नॉर लिंडल्स गावी गेलो. तिथलं त्याचं लहानपणीचं घर आता संग्रहालय आहे. वडील रंगारी, शिवाय गावच्या लग्नकार्यात फिडल (व्हायोलिन) आणि ट्रम्पेटसारखं कॉर्नेट वाजवणारे, भावंडं बारा. १८७९ मध्ये, चौदाव्या वर्षी, कार्ल ओडेन्सच्या पलटणीत बिगुल वाजवायला लागला. पलटणीची ही गोष्ट ध्यानात ठेवूनच मी सभागृहात गेलो.

१९२८ ची ही रचना ओगे ऑक्सनवाड या तापट वादकासाठी लिहिलेली आहे. एकसलग, सुमारे पंचवीस मिनिटांची. वाद्यवृंद मुद्दाम छोटा: तंतुवाद्यं, दोन बसून (खालच्या सुराचं फुंकवाद्य), दोन हॉर्न आणि एक साइड ड्रम, म्हणजे लष्करी बँडमध्ये असतो तसला ताशासारखा ड्रम. सुरुवात अगदी साधी, खालच्या तंतुवाद्यांवर गावच्या चालीसारखी धून. क्लॅरिनेट ती उचलते, आणि थोड्याच वेळात ड्रम मध्ये घुसतो. तिथून शांतता नाही. क्लॅरिनेट किंचाळते, खालच्या सुरात कुरकुरते, सप्तकं ओलांडून उड्या मारते. ड्रम तिला डिवचत राहतो. आपल्याकडे वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट गाणं म्हणते, इथे ती भांडते. पुष्कळजण ड्रमला खलनायक ठरवतात, मला ते पटत नाही. तो गप्प असतो तेव्हा क्लॅरिनेट एकटी पडून खिन्न होते. तिच्यात धग आणतो तो हाच. पलटणीत वाढलेल्या माणसालाच असा ड्रम सुचला असावा, असं मला मनापासून वाटतं.

वादक तरुण होती. अवघड जागी ती सूर गोड करायला गेली नाही, जिथे कर्कश हवा तिथे कर्कशच ठेवला. मला तेच फार आवडलं. एफ मेजर आणि ई मेजर या दोन स्वरपट्ट्यांची ओढाताण अखेर एफवर निवते, पण समेट झाल्यासारखं वाटत नाही. दोघं दमलेत, एवढंच.

ऑक्सनवाड ज्या कोपनहेगन विंड क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच फुंकवाद्यांच्या गटात, वाजवायचा, त्यातल्या पाचही जणांसाठी एकेक कन्चेर्तो लिहायचा नील्सनचा बेत होता. बासरीचा १९२६ मध्ये झाला, मग हा. १९३१ मध्ये नील्सन गेला. ओबो, बसून आणि हॉर्नचे राहूनच गेले.

जाणार असाल तर आधी घर पाहा, मग मैफल ऐका. घराच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी तपासून घ्या.