चिठ्ठी लावलेले डबे

मी 'लेखिका' आहे अशी बातमी आमच्या सोसायटीत कुणीतरी पसरवून ठेवली आहे. त्यामुळे दर ऑक्टोबरात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून विचारतात, "यंदा कुठल्या दिवाळी अंकात?" त्यांना काय सांगू, की यंदाचं माझं सगळ्यात गाजलेलं लेखन 'पासवर्ड विसरल्यास काय करावे' हे आहे.

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेक्निकल रायटर आहे. एकुलती एक. चाळीसेक डेव्हलपर दोन आठवडे कोड लिहितात आणि त्यातून काय निपजलं ते शेवटच्या दोन दिवसांत मी जगाला समजावून सांगायचं. यूजर गाइड, इन्स्टॉलेशन गाइड, एपीआयचे (म्हणजे दोन प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या सोयीचे) डॉक्स, रिलीज नोट्स (म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) हे झालं घरचं. व्याह्यानं धाडलेलं घोडं वेगळंच. सेल्सचं प्रेझेंटेशन, एचआरची रजेची पॉलिसी, आणि "तुझं इंग्रजी चांगलंय ना, जरा नजर टाक" म्हणत आलेला कुणाच्या तरी मेहुण्याचा बायोडेटा. प्रत्येक काम पाच मिनिटांचं असतं. सांगणाऱ्याला सांगायला तेवढीच मिनिटं लागलेली असतात.

एकदा रिलीजच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, कुणाला तरी वाटलं की बटणावर 'सबमिट'पेक्षा 'सेव्ह' बरं दिसेल. कोडमध्ये बदलला एक शब्द. माझ्याकडे त्या बटणाचे एकसष्ट स्क्रीनशॉट होते. प्रत्येकासाठी त्या पानापर्यंत जायचं, खोटी माहिती भरायची, चित्र घ्यायचं, कापायचं, बटणाभोवती लाल चौकट काढायची. चौदाव्या चित्राशी लक्षात आलं की ग्राहकाच्या नावाच्या जागी टेस्टरने 'पप्पू टेस्ट दोन' भरून ठेवलंय. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. रात्री पावणेबाराला साठावी चौकट काढताना मी स्वतःला विचारलं, ही चौकट नसती तर कुणाला बटण सापडलं नसतं का? तेव्हापासून बटणांचे फोटो बंद. लोकांना बटणं दिसतात.

हे दुखणं तसं जुनं आहे. इंग्रज कवी चॉसरने १३९१च्या सुमारास आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी अ‍ॅस्ट्रोलेब हे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र कसं वापरायचं ते लिहायला घेतलं. लॅटिन मुलाला झेपणार नाही म्हणून साध्या इंग्रजीत. प्रस्तावनेत पाच भाग कबूल केले आणि हाती आले जेमतेम दोन. त्याच सुमारापर्यंत हा गृहस्थ राजाच्या बांधकामांवर देखरेख करण्याची नोकरीही करत होता. बाकीचे तीन भाग का राहिले ते इतिहासकार सांगोत, माझा मात्र अंदाज आहे.

मला वाट दाखवली ती आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीने. आजूबाजूच्या चार सोसायट्यांना ती एकच गिरणी, म्हणजे तीही माझ्यासारखीच. एका शनिवारी दळण घेऊन गेले तर दारात वीस-बावीस डबे रांगेत. प्रत्येकावर चिठ्ठी: आडनाव, फ्लॅट नंबर, काय हवंय. एक बाई म्हणत होत्या, "माझं तेवढं आधी करा हो, दोनच किलो आहे." गिरणीवाले मामा 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं रांगेकडे बोट केलं. बाईंनी रांग पाहिली, आणि "बरं, संध्याकाळी येते" म्हणून गेल्या.

मग मी तिथेच बसून बघत राहिले. मामा गव्हावर गहूच घेत होते. मध्येच ज्वारी घातली तर पीठ मिसळतं. उपवासाचं दळण वेगळ्या वेळी, गिरणी झाडून. आणि कुणी मिरच्या आणल्या तर हातही न लावता, "ते डंकावर न्या."

सोमवारी मी एक शीट केली आणि सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. कुणाचं काम, कशासाठी, कधी हवंय, आणि लिहिलेलं तपासून कोण देणार. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर डबा रांगेत लागत नाही. एपीआयची कामं एकापाठोपाठ एक, रिलीज नोट्स वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र दळलं की माझ्या डोक्यात पीठ मिसळतं हे मला फार उशिरा कळलं. दोन मॅनेजर एकदम "अर्जंट" म्हणत आले तर मी शीट उघडून देते, तुम्हीच ठरवा कुणाचा डबा पुढे. ते आपसात भांडतात, मी चहा पिते. एचआरची पॉलिसी डंकावर पाठवली. गंमत म्हणजे कित्येक डबे तसेच पडून राहिले, कुणी न्यायलाच आलं नाही. आणि गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, म्हणून गिरणीही गुरुवारी बंद. मीही गुरुवारी मीटिंगा बंद केल्या.

काम कमी झालं असं नाही. मात्र "शीटमध्ये लिहिलेलं नाही, मला कसं कळणार?" हे वाक्य मी आता कुणालाही, अगदी थंडपणे ऐकवू शकते.

परवा आईने पाठवलेली थालीपीठाची भाजणी दळायला टाकली. ऑफिसच्या गडबडीत डबा ठेवला आणि पळाले. संध्याकाळी पीठ घेऊन आले, थालीपीठं लावली तर चिकट, चिवट, तव्यावरून सुटेनात. भाजणी मैद्यासारखी बारीक दळली होती. दुसऱ्या दिवशी तणतणत गिरणीत गेले.

मामांनी पट्टा बसवता बसवता माझ्याकडे पाहिलं. "चिठ्ठी कुठं होती ताई? जाडसर हवी ते मला कसं कळणार?"