किलार्नीतली चूल आणि सोडा ब्रेड

आयर्लंडला गेलो होतो. डब्लिन झालं, क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्राकाठचे उंच कडे झाले, तिथे भन्नाट वारा आणि तुफान गर्दी, बाकी फोटो सगळ्यांनी पाहिलेतच. मला लिहायचंय किलार्नीच्या मक्रॉस ट्रॅडिशनल फार्म्सबद्दल. वीज यायच्या आधीची, १९३०-४० च्या काळातली शेतकऱ्यांची घरं तिथे उभी केलीत आणि चूल चक्क पेटलेली असते.

एका घरात एक आजी सोडा ब्रेड करत होत्या. पीठ, मीठ, खायचा सोडा, ताक, बस्स. तिकडच्या गव्हाला चिकटपणा कमी, यीस्टने ब्रेड धड फुगत नाही, पण १९व्या शतकात सोडा मिळायला लागला आणि घरचं आंबट ताक होतंच, काम झालं. पीठ मळायचं नाही, हलक्या हाताने जेमतेम गोळा करायचं आणि वर सुरीने खोल फुली मारायची म्हणजे मधला भागही नीट भाजतो. ओव्हन नव्हताच कुणाकडे, बॅस्टिबल म्हणजे बिडाचं जाड भांडं टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, आगीवर टांगायचं आणि झाकणावर निखारे रचायचे, आपल्या कोकणात धोंडस भाजतात ना अगदी तसंच. आजींनी ब्रेड उलटा करून बोटाने टकटक केलं, पोकळ आवाज आला, झाला म्हणाल्या. जाड काप, वर वितळणारं लोणी, धुराचा किंचित वास, मला दुसरं काही सुचेना.

मग बटाट्यावर गप्पा. सालासकट उकडायचे, पातेल्यावर टोपली ठेवून त्यात ओतायचे, सगळ्यांनी भोवती बसून नखाने साल काढत ताकाबरोबर खायचे. दुष्काळाआधी मजूर माणूस दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा! म्हणूनच १८४५ मध्ये पिकावर करपा पडला तेव्हा खायला दुसरं काही उरलंच नाही, पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं गेली आणि तेवढीच देश सोडून गेली. लीट्रिम, कॅव्हन या तिकडच्या परगण्यांत कच्चा बटाटा किसून फडक्यात पिळून बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याचं धिरडं, करतात, पूर्वी किसणी म्हणजे खिळ्याने भोकं पाडलेला पत्रा.

हे सगळं चालू असताना एक अख्खी बस आली, दारातूनच फोटो काढून गेली, आजींशी एक शब्द नाही. फार राग आला. आणि आमच्या हॉटेलात सकाळी काय, तर पाकिटातला पांढरा टोस्ट! पीठ-ताकाचा ब्रेड तासाभरात होतो हो, तेवढं करायला काय जातं यांचं?